डिक्री मिळाली, पण पैसे कोण काढून देणार?

संपादक महोदय,

केस जिंकली म्हणजे पैसे हातात आले असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण मलाही तसंच वाटायचं. माझं ग्रिल-गेटचं छोटं वर्कशॉप आहे, एका पार्टीकडे २ लाख ४० हजार अडकले, दावा लावला, पाच वर्षांनी व्याजासकट डिक्री झाली, म्हणजे पैसे द्या असा कोर्टाचा हुकूम, पेढे पण वाटले. मग वकील म्हणाले आता दरखास्त लावू. म्हटलं आता ही कसली? तर वसुलीची! म्हणजे नवीन नंबर, नवीन नोटीस आणि परत तारखा.

जंगम जप्तीचं, म्हणजे घरातलं सामान-गाडी जप्त करायचं वॉरंट निघालं तेव्हा बेलीफबरोबर, म्हणजे हुकूम बजावणाऱ्या कोर्टाच्या माणसाबरोबर, मी पण गेलो. दाराला बाहेरून कुलूप, गॅलरीत ओले कपडे टपकतायत, आणि आतून कुकरची शिट्टी झालेली आम्ही दोघांनी ऐकली. बेलीफने शांतपणे पेन काढलं, घर बंद असल्याचा शेरा मारला आणि वॉरंट परत. त्यांना तरी काय बोलणार, सूर्यास्तानंतर घरात शिरायचं नाही, कपडे-भांडी-अंथरूण जप्त करायचं नाही, हे सगळं कायद्यातच आहे आणि ते बरोबरही आहे. पुढच्या वेळी दार उघडलं तर फ्लॅट बायकोचा, गाडी मुलाची, साहेबांच्या नावावर बहुतेक फक्त बीपीच्या गोळ्या. कोर्ट म्हणतं प्रॉपर्टीची यादी तुम्ही द्या. अहो मी वेल्डिंग करतो, त्याची बँक खाती मी कुठून शोधू?

खरं तर शोधायची गरजच नाहीये. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर २१ रूल ४१ आहे, त्यात ऋणकोला, म्हणजे पैसे देणं असलेल्याला, स्वतःच्या मालमत्तेचं अ‍ॅफिडेव्हिट द्यायला लावता येतं आणि नाही दिलं तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद. पण त्यासाठी आपण वेगळा अर्ज करायचा, त्यावर समोरच्याचं म्हणणं, म्हणजे लेखी उत्तर, मग युक्तिवाद, म्हणजे अजून सहा-आठ तारखा. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये राहुल शहा केसमध्ये सांगितलंय की पैशाच्या दाव्यात सुरुवातीलाच, कोर्टाने वादाचे मुद्दे काढायच्या आधीच, प्रतिवादीकडून मालमत्ता शपथेवर लिहून घेता येईल आणि दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा. माझ्या दाव्यात कोणी विचारलं नाही, आणि मलाही माहीत नव्हतं हे कबूल.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे अ‍ॅफिडेव्हिट मागावं लागू नये, दरखास्त दाखल झाली की पहिल्याच नोटिशीबरोबर फॉर्म जावा. पॅन, बँक खाती, सातबारा, आरटीओ सगळं ऑनलाइन आहे, कोर्टाने ठरवलं तर खोटं लिहिणारा पकडायला किती वेळ लागेल? आणि कैद करायची म्हटली तर त्याच्या जेवणाचा भत्ता कोणी भरायचा माहितीये? मी! हे वकिलांनी सांगितलं तेव्हा मला आधी जोक वाटला.

ज्याच्याकडे खरंच नाही त्याला आत टाका असं मी म्हणत नाही, १९८० च्या जॉली जॉर्ज वर्गीस निकालात सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय की निव्वळ गरिबीमुळे पैसे न भरणाऱ्याला कैद नको, त्याला हप्ते पाडून द्या की. पण नाही आणि देत नाही यातला फरक कागदावर पहिल्याच महिन्यात दिसला पाहिजे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर आकडा आला, देशात ८ लाख ८२ हजार दरखास्ती पेंडिंग, त्यातल्या ३ लाख ४१ हजार मुंबई हायकोर्टाच्या हद्दीत, म्हणजे आपण पहिला नंबर काढलाय. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, १८७२ मध्येच लिहून ठेवलंय की भारतात पक्षकाराची अडचण डिक्री मिळाल्यावर सुरू होते. माझी आता पुढच्या महिन्यात तारीख आहे, रूल ४१ च्या अर्जावर समोरच्यांचं म्हणणं यायचंय, मागच्या दोन तारखांना त्यांनी मुदत मागून घेतलीये.

– एक दरखास्तदार