फोटो कोणी काढला?

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मीच ठेवला. रेंज गेली असं तुझ्या आईला सांगितलं, पण रेंज चांगली होती. तू हसत "बाबा, गायच तर होती" म्हणालीस आणि माझं डोकं फिरलं.

तो फोटो चष्मा लावून, मोठा करकरून पाहिला. कड्यावरचं करडं गवत, मागं धुकं, तुझी लाल कानटोपी. ती हायलँड गाय तर अस्वलासारखीच दिसते, डोळ्यांवर तांबूस केसांची झालर आणि त्यातून बाहेर आलेली ही एवढी शिंगं. दुहेरी केसांमुळे ती जात थंडीतही उघड्यावर राहते म्हणालीस. आपली खिलार तिथं दोन दिवस टिकायची नाहीत. पण डाव्या कोपऱ्यात वासराचं शेपूट दिसतंय, ते तू पाहिलंस का? म्हणजे एका अंगाला गाय, दुसऱ्या अंगाला वासरू आणि मध्ये तू. आणि उजव्या कडेला तुझाच लांब केलेला हात. बारा जण गेला होतात ना? मग तुझा फोटो तुला का काढावा लागला?

बरं, ते राहू दे. भांडायला लिहीत नाही.

तुमच्या इंग्लंडात शेफिल्डहून बसने जायचं, कर्बर एजवरून बॅस्लो एजपर्यंत कड्याकड्याने चालायचं आणि मग मेंढ्यांच्या रानांतून खाली उतरायचं, हे तू सांगितलंस ते फार आवडलं. दुसऱ्याच्या रानातून वाट आणि मालक काठी घेऊन येत नाही! आपल्या पाणंदीची केस तुझ्या जन्माआधीपासून चालू आहे, तारखेला जाऊन जाऊन माझ्या दोन चपला झिजल्या. पण त्यांनाही हे फुकट मिळालेलं नाही. १९३२ च्या एप्रिलमध्ये कामगारांची पोरं किंडर स्काऊटच्या माळावर बंदी मोडून चालली, पाच जणांना तुरुंग झाला, हे तूच मागं सांगितलं होतंस. मी ते पारावर सांगितलं, तर कोणाला खरं वाटेना.

मेंढ्यांच्या ढुंगणावर निळा-लाल रंग कशाला, याचंही नवल वाटलं. एडक्याच्या छातीला रंग लावून सोडायचा, म्हणजे कुठल्या मेंढीला तो लागला ते कळतं. आपले मेंढके खुणेला रंग लावतात, पण ही युक्ती त्यांनाही सांगितली पाहिजे.

आता चार गोष्टी ऐक. गाईने मान खाली घातली, फुसकारली, पुढच्या पायाने माती उकरली की फोटो राहू दे. पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, सावकाश तिरकं बाजूला व्हायचं. वासराच्या आणि तिच्या मध्ये तर कधीच नाही. तुमच्यात कोणाचं कुत्रं होतं. गाय अंगावर आली तर त्याची साखळी सोडून द्यायची. तिचा राग कुत्र्यावर असतो आणि ते पळून जातं, माणूस मात्र सापडतो. डिसेंबरात तिकडं चारच्या आत दिवस मावळतो, म्हणून तीनला माघारी फिरायचं. आणि तेव्हा बरोबर कोण असतं तुझ्या?

बघ, लागलोच शिकवायला. शेण काढत वाढलेल्या पोरीला गाय शिकवतोय. माफ कर. सगळे पुढं गेले आणि तू फाटकाची कडी नीट बसली का ते हलवून पाहत मागं राहिलीस, हे ऐकून खरं तर ऊर भरून आला. दुसऱ्याचं जनावर रस्त्यावर येऊ नये एवढं तुला कळतं. पण कडी लावून तू वळलीस तेव्हा ते किती लांब गेले होते? कोणी मागं वळून पाहिलं का?

नाना बैलगाडीवरून पडले असं तुम्हा पोरांना सांगत आलो. ते खरं नाही. हरणी व्यायली होती, दुसरा दिवस होता. नानांनी वासरू उचललं आणि तिनं त्यांना गोठ्याच्या भिंतीला दाबलं. बरगड्या मोडलेल्या ऐकू आल्या. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज. मी चौदा वर्षांचा. हातात आंबोणाची पाटी होती. ती टाकली आणि थेट ओढ्यापर्यंत पळालो. जिजीनं एकटीनं गाय हटवली. संध्याकाळी घरी आलो, तर नाना खाटेवरून म्हणाले, "जेवला का रे?" मी पळालो हे त्यांनी मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. मीही नाही. तुझ्या आईलाही माहीत नाही, तूही बोलू नकोस.

म्हणून तो फोटो बघवत नाही.

येत्या शनिवारी परत निघालात असं आईकडून कळलं. जा. नको म्हणणार नाही. आईनं डिंकाचे लाडू पाठवलेत, त्यातले बारा सोबतच्यांना ने. डब्याच्या तळाशी पितळेची शिट्टी आहे, ती गळ्यात असू दे. आणि फाटक लावताना कोणाला तरी "थांबा जरा" म्हण. मागून हाक मारायला लाजू नकोस.

तुझे,
बाबा

ता. क. हरणीच्या वेलातली शेवटची गाय काल रात्री व्यायली. कालवड आहे, कपाळावर चांदणी. अजून दोन दिवस तरी मी काठी घेऊनच आत जाणार.