रेवाला कोणत्या बागेत न्यायचं?

नागपूर,
फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा

प्रिय मंजू,

सप्रेम नमस्कार.

मार्चमध्ये तुम्ही खामल्यात बिऱ्हाड थाटणार, आणि तोवर रेवा दीड वर्षाची होणार. ‘तिला न्यायला नागपुरातली सगळ्यात छान बाग कुठली’ असं तू विचारलंस. छान बागा पुष्कळ आहेत गं, पण दीड वर्षाच्या पोट्टीला महाराजबागेसारखी मोठी बाग काय आणि लेआउटमधली, म्हणजे वसाहतीतली, कोपऱ्यावरची बाग काय, सारखीच. तिला पळायला सपाट जागा, वेचायला पानं-खडे आणि पडलं तर फार लागणार नाही अशी जमीन एवढंच हवं असतं. म्हणून रोजच्यासाठी घरापासून पायी दहा मिनिटांच्या आतली बाग धर, मग ती दिसायला कितीही साधी असू दे. गाडीने अर्धा तास गेलं की पोर वाटेत झोपतं, नाहीतर पोचल्या पोचल्या भुकेने रडतं.

बाग ठरवण्याआधी एकदा रेवाशिवाय जाऊन ये, आणि ज्या वेळी तिला नेणार त्याच वेळी जा. सकाळी सातला मोकळी वाटणारी बाग संध्याकाळी सहाला क्रिकेटच्या चेंडूंनी भरलेली असू शकते. आधी फाटक बघ. एकच फाटक आणि सलग कुंपण असलेली बाग निम्मी काळजी वाचवते. पुष्कळ ठिकाणी दुचाक्या आत शिरू नयेत म्हणून वळसा घ्यायचं अरुंद फाटक असतं, त्यातून बाबागाडी जात नाही. काही बागा दुपारच्या बंद असतात, तेव्हा फाटकावरची वेळ वाचून घे.

मग खेळण्यांपाशी चक्क उकिडवी बस आणि रेवाच्या उंचीवरून बघ. उभ्याने दिसत नाहीत त्या गोष्टी तिथून दिसतात: झोक्याच्या खांबाखाली उघडा पडलेला सिमेंटचा गोटा, बाकाच्या खालच्या कडेला बाहेर आलेला बोल्ट, पेव्हर ब्लॉक निघालेली जागा. जमिनीकडे जास्त लक्ष दे, कारण खरा मार तिथे बसतो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळून विटेसारखी टणक होते, मुरूम त्याहून वाईट, आणि हिरवळसुद्धा सुकून दबली की पडण्याचा मार झेलत नाही. खेळण्याखाली निदान वीतभर भुसभुशीत वाळू हवी, नाहीतर जाड रबरी फरशी. वाळूत एक काडी खुपसून बघ. झोक्याखाली आणि घसरगुंडीच्या पायथ्याशी मुलांच्या पायांनी वाळू बाजूला सरते, म्हणून नेमक्या तिथेच खुपस. कडेची वाळू कायम खोल असते. वाळूत कुत्र्या-मांजरांची घाण दिसली तर ती जागा सोड. त्यातून जंत होतात आणि या वयाची मुलं हात सारखे तोंडात घालतात.

कठड्याच्या गजांमधली फट मोजायला टेप नको. मुठीपेक्षा मोठी आणि वितेपेक्षा लहान, म्हणजे साधारण ९ ते २३ सेंटिमीटरची फट धोक्याची. मूल पायांकडून घसरलं तर अंग निघतं, डोकं अडकतं. घसरगुंडीचा वरचा ओटा तिच्या वयाला ८० सेंटिमीटरच्या वर नको.

घसरगुंडी पत्र्याची असो की फायबरची, उन्हात दोन्ही तापतात. हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकव. तुला सोसलं नाही तर तिची मांडी भाजणारच. पश्चिमेकडे तोंड असलेली घसरगुंडी एप्रिलमध्ये संध्याकाळी सहालाही तापलेली असते. फायबरची आणखी एक खोड आहे: काही वर्षं ऊन खाल्लं की वरचा रंगीत थर तडकतो आणि आतले काचतंतू बाहेर येतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत. ओढणीचं टोक घसरगुंडीवरून वरून खाली फिरव. धागा कुठे अडकला तर तिथे तिला बसवू नको. आणि तिला मांडीवर घेऊन घसरू नको. सगळे आईबाप मायेनेच करतात, पण मुलाच्या बुटाचा तळ कडेला अडकतो, मागून आपलं वजन पुढे रेटतं आणि नडगीचं हाड मोडतं. एकटी घसरली तर अडकल्यावर ती नुसती थांबते. तू बाजूला उभी राहून दंडाला धर, पुरे.

झोका पाय घालायची भोकं असलेला, बादलीसारखा मिळाला तरच. नुसत्या पाटीवर या वयाचं मूल बसत नाही, ढकलताच मागे कलंडतं. पण झोक्यावर बसण्यापेक्षा झोक्याच्या मागून धावत जाणं जास्त धोक्याचं. मोठ्या मुलांचे झोके वेगळ्या कोपऱ्यात असलेली बाग म्हणून बरी. गोल चक्री आणि सी-सॉ सध्या विसरूनच जा. निघताना गळ्यातला काळा दोरा किंवा ताईत काढ, टोपीची नाडी असेल तर तीही. घसरगुंडीच्या फटीत दोरा अडकला की गळ्याला फास बसतो.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. आपल्याकडे बऱ्याच बागांत ओपन जिमची यंत्रं मुलांच्या खेळण्यांना अगदी खेटून असतात. मोठा माणूस त्यावर पाय हलवत असतो, खालचा लोखंडी दांडा नेमका रेवाच्या डोक्याच्या उंचीवरून येतो-जातो, आणि सांध्यांत बोटं चिरडतात. मध्ये कुंपण नसेल तर मी तरी ती बाग घेणार नाही.

सावलीचं गणित नागपुरात फसवं आहे. आत्ता दाट दिसणारी कित्येक झाडं मार्च-एप्रिलमध्ये ओकीबोकी होतात. सेमिनरी हिल्सचं रानही पानगळीचंच. मे महिन्याची सावली हवी तर वड किंवा कडुलिंब बघ. कडुलिंबाची पानं आत्ता गळतील, पण खऱ्या उन्हापर्यंत नवी फुटतात. इथे २३ मे २०१३ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता, यावरून काय ते समज. उन्हाळ्यात सकाळी सहाला बागेत, सातच्या आत घरी. मेमध्ये साडेपाचलाच उजाडतं, त्यामुळे जमतं. संध्याकाळी जमीन आग ओकत असते, सूर्य मावळल्याशिवाय निघूच नको. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर कूलरपुढे पाण्याची परात हीच बाग. डिसेंबरात उलट: सकाळची थंडी सरू दे, साडेनऊनंतर जा, संध्याकाळी साडेपाचच्या पुढे अंधार पडतोच.

पावसाळ्यात डेंग्यूचे डास दिवसा चावतात, सकाळी आणि मावळतीच्या आधी जास्त. पूर्ण बाह्यांचे कपडे घाल. डासांचं मलम लावशील तर हाताच्या पंजांना नको.

झाडांत कण्हेर ओळखून ठेव, विशेषतः पिवळी, बिट्टी म्हणतात ती. हिरवी, बसकी, टोकेरी फळं खाली पडलेली असतात आणि मुलं ती खेळायला उचलतात. पान, फळ, चीक, सगळं विषारी. थेट हृदयावर परिणाम होतो. चघळलं असा नुसता संशय आला तरी तोंड पुसून, ते फळ पिशवीत घेऊन सरळ दवाखाना गाठ. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला बघू नको. घाणेरीची हिरवी फळंही तोंडात जाऊ देऊ नको. कुत्र्याचा ओरखडा जरी आला तरी १५ मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धू आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे ने.

फाटकाबाहेरचे फुटाणे, शेंगदाणे, बोरं चार वर्षांपर्यंत नकोत, श्वासनळीत अडकतात. संत्र्याची फोड दे, पण बी काढून आणि वरची साल सोलून. तर्री पोहे तू खा.

आता नावं. महाराजबाग सीताबर्डीला लागून, नागपूरकर भोसल्यांच्या वेळची. तिथलं प्राणिसंग्रहालय कृषी महाविद्यालय चालवतं. थंडीतल्या सकाळी, रविवार टाळून ने. वाघ लांब असतो आणि बहुतेक झोपलेला, रेवाला तो दिसणारही नाही. हरणांपाशी वेळ घालव. सेमिनरी हिल्सच्या बालोद्यानात वनबाला नावाची छोटी आगगाडी आहे. ती सुरू आहे ना, एवढं विचारून जा. धरमपेठेतला ट्रॅफिक पार्क चार-पाच वर्षांच्या मुलांचा, सिग्नल आणि छोटे रस्ते आत्ता तिला कळायचे नाहीत. फुटाळा तलाव आपल्यासाठी; पळत सुटणारं मूल, उघडं पाणी आणि रस्त्यावरच्या गाड्या यांचं जमत नाही. गोरेवाड्याची प्राण्यांची सफारी तीन वर्षांची झाल्यावर, तोवर ती बसमध्ये झोपेल. खामल्याहून रोजचं म्हणशील तर त्रिमूर्तीनगरची बाग आधी बघ, आणि तुमच्या लेआउटमधलीही.

पाऊण तासापेक्षा जास्त थांबू नको. निघायच्या दहा मिनिटं आधी एकदा सांग, मग ‘शेवटची घसरगुंडी’ म्हण आणि खरंच शेवटची कर. एकदा शब्द फिरवलास की दुसऱ्या दिवसापासून फाटकापाशी लोळण.

घराची गल्ली नक्की झाली की कळव. जवळच्या दोन बागांतली वाळू आणि झोके मी बघून ठेवते. भाऊजींना नमस्कार, रेवाला पापा.

तुझी,
सुनू