काका, तुम्ही मला तोडायला लावलेल्या त्या वेल्डसाठी

आदरणीय काका, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात देता आलं असतं. तरी उघडपणे लिहितेय, कारण मी जी चूक करायला निघाले होते ती घरच्या घरी गाडीवर काम करणारे बरेच जण करू शकतात, आणि प्रत्येकाच्या शेजारी आयुष्यभर वेल्डिंग केलेला माणूस राहत नाही.

दगडावर आपटून माझ्या जीपचा टाय रॉड, म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकत्र वळवणारा दांडा, धनुष्यासारखा वाकला होता. कसाबसा सरळ करून गाडी घरी आणली आणि त्याच रात्री ठरवलं, जाड पाइप घ्यायचा, दोन्ही टोकांना आट्यांचे बुश वेल्ड करायचे आणि नवा टाय रॉड स्वतःच बनवायचा. मशीनही जवळजवळ पक्कं झालं होतं. घरातल्या साध्या सॉकेटवर चालणारं, १४० अँपिअरचं छोटं मिग, म्हणजे बंदुकीतून सतत तार सोडून वेल्ड करणारं मशीन. शिकायला सोपं आणि वेल्ड दिसायला सुबक, एवढाच माझा विचार. तुमच्याकडे आले होते ती फक्त तुमचा होकार घ्यायला.

तुम्ही मशीनचं नावही विचारलं नाहीत. विचारलंत ते एवढंच: काय जोडणार, ते किती जाड आहे, आणि तुटलं तर काय होईल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी मोठ्याने देईपर्यंत तुम्ही गप्प बसून राहिलात. तुटलं तर चाक त्याला हवं तिकडे वळेल, आणि हातात स्टेअरिंग असूनही गाडी ताब्यात राहणार नाही. हे स्वतःच्या तोंडून ऐकलं तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळा आला.

मग तुम्ही तसंच एक छोटं मिग कुठून तरी मागून आणलंत. ६ मिलिमीटर पट्टीचे दोन तुकडे दिलेत आणि एकावर दुसरा उभा धरून फक्त एका बाजूने जोडायला सांगितलंत. माझा वेल्ड खरंच छान आला होता, एकसारख्या खवल्यांचा. तुम्ही तो व्हाइसमध्ये धरलात, हातोडा माझ्या हातात दिलात आणि वेल्ड जिथे उघडेल त्या बाजूला मारायला सांगितलंत. दुसऱ्याच घावाला आख्खा वेल्ड पट्टीवरून सुटून आला. खालच्या पट्टीवर ग्राइंडरचे ओरखडे जसेच्या तसे होते. धातू वितळलाच नव्हता. तार वितळून वर बसली होती, इतकंच.

ते ओरखडे मी विसरू शकत नाही. पाइपवर असा वेल्ड बसला असता तर मी त्यावर रंग मारून डोंगर उतरले असते.

नंतर १२० अँपिअरवर ३.१५ मिलिमीटरचा ७०१८ जातीचा वेल्डिंग रॉड लावून तुम्ही तसाच जोड केलात. तोच व्हाइस, तोच हातोडा. पट्टी वाकत वाकत आडवी झाली, वेल्ड हलला नाही. मग कारण समजावलंत. मिगने एकाच फेरीत पूर्ण ताप द्यायचा तर पोलादाच्या दर मिलिमीटरला साधारण ४० अँपिअर लागतात, म्हणजे ६ मिलिमीटरला २४० च्या आसपास. कडा तिरप्या घासून दोन-तीन फेऱ्यांत भरलं तर कमी करंटवरही जमतं, पण पहिल्या फेरीने मुळाशी धातू वितळवलाच पाहिजे. कमी करंटवर मिगची तार पुन्हा पुन्हा जॉबला टेकून वितळते, जॉबला ताप कमी मिळतो, आणि जाड पट्टीवर वेल्ड नुसता चिकटतो. रॉडचा वेल्ड ओबडधोबड दिसला तरी जाड कामाला साधं रॉडचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन त्या छोट्या मिगपेक्षा भरवशाचं असतं. हे माझ्या डोक्यात आधी पूर्ण उलटं होतं.

शेवटी तुमच्या सांगण्यावरून २०० अँपिअरचं, रॉड आणि तार दोन्ही चालवणारं मशीन घेतलं, आणि त्याआधी इलेक्ट्रिशियनकडून जाड वायरची २३० व्होल्टची स्वतंत्र लाइन ओढून घेतली. मशीनवरची ड्यूटी सायकलची पाटी कशी वाचायची तेही तुम्हीच शिकवलंत: २०० अँपिअरला २५ टक्के लिहिलं असेल तर दहा मिनिटांत अडीच मिनिटं वेल्डिंग, बाकी वेळ मशीनला थंड होऊ द्यायचं. पातळ पत्र्याला मी आता वेल्डला हवेपासून वाचवणारा गॅस लावून मिग वापरते. उघड्यावर वारा गॅस उडवून नेतो, तिथे रॉड. बिनगॅसची, आत फ्लक्सची पूड भरलेली तार चालवताना पोलॅरिटी उलटी करायची असते, तार निगेटिव्हला, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी अजून ठिणग्यांशी झगडत बसले असते. ७०१८ चे रॉड कोरडे ठेवण्याबद्दल तुम्ही माझ्यावर अक्षरशः ओरडला होतात. ओलाव्यातून हायड्रोजन वेल्डमध्ये शिरतो आणि तडा नंतर, काम संपल्यावर जातो, हे कळल्यापासून माझे रॉड हवाबंद डब्यात असतात.

पण काका, मशीनपेक्षाही मोठे उपकार तुम्ही वेल्ड करायच्या भागांच्या माझ्या यादीवर खडूने रेघ मारलीत त्याचे आहेत. पिटमन आर्म, म्हणजे स्टेअरिंग बॉक्समधून निघणारा हात, फोर्ज केलेला (तापवून ठोकून घडवलेला) असतो, त्याला वेल्ड लावायचा नाही. नकल, म्हणजे चाकासोबत वळणारा भाग, ओतीव, त्याला घरी हात लावायचा नाही. आणि टाय रॉड? तो वेल्ड करायचाच कशाला? जाड भिंतीचा, नेमक्या आतल्या व्यासाचा पाइप घेऊन एका टोकाला उजवे, दुसऱ्याला डावे आटे आतूनच पाडून घेता येतात. मी ज्या जोडासाठी मशीन शोधत होते, तो जोडच तुम्ही काढून टाकलात! लेथवाल्याकडून पाडून घेतलेला तो टाय रॉड आज माझ्या गाडीखाली आहे.

माझ्या वाट्याला उरलं ते स्टेअरिंग बॉक्सजवळ चेसिसला पट्टी मारण्याचं काम. मोठे टायर लावले की बॉक्सच्या बोल्टांपाशी चेसिसला तडे जाऊ लागतात, ते तुम्ही टॉर्चच्या उजेडात दाखवलेत. तड्याच्या टोकाला भोक पाडून तो पुढे सरकण्यापासून थांबवायचा, मग आतपर्यंत घासून भरायचा. बोल्टांसाठी आरपार नळ्या बसवायच्या, म्हणजे आवळताना चेसिस चेपत नाही. पट्टीची टोकं माशासारखी निमुळती कापायची आणि चेसिसवर उभी सरळ रेघ वेल्ड करायची नाही, कारण तिथेच नवा तडा जातो. थोडं थोडं, जागा बदलत वेल्ड करायचं. बॅटरी सोडवायची, अर्थचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावायचा, नाहीतर करंट बेअरिंगमधून वाट काढतो.

आणि ब्रेक क्लीनर! पट्टी पुसायला मी कॅन उचलला आणि तुम्ही माझा हात धरलात. क्लोरीन असलेल्या क्लीनरचा वेल्डिंगच्या आर्कच्या उजेडात आणि तापात फॉस्जीन नावाचा विषारी वायू होऊ शकतो, आणि तो वायू जीव घेतो. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने कॅनमागचं लेबल वाचावं, ही माझी हात जोडून विनंती आहे.

काम झाल्यावर तुम्ही गाडीखाली शिरलात. मी स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत होते आणि तुम्ही चेसिसवर बोट ठेवून पडून होतात. बराच वेळ काही बोललाच नाहीत. मग खालूनच म्हणालात, "हलत नाही." त्या दोन शब्दांसाठी मी तीन आठवडे तुकडे जोडून जोडून तोडले होते.

त्या दिवशी सुटून आलेली पट्टी मी फेकलेली नाही. ग्राइंडरशेजारी खिळ्याला टांगलीय. पुढच्या रविवारी ट्रॅक बारचा (अॅक्सल आडवा सरकू न देणाऱ्या दांड्याचा) ब्रॅकेट काढतेय. सहा तुकडे कापून ठेवलेत, व्हाइस मोकळा आहे. वेळ असेल तर या, हातोडा या वेळी तुम्ही मारा.

तुमची कृतज्ञ,
शेजारची जीपवाली