डोळे आधी की शेवटी

अलिबाग, श्रावण

चि. बंड्या,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या खोलीवर आले तेव्हा पटकन बोलून गेले, "लग्नाचं वय झालं आणि हा बाहुल्या रंगवतोय." तू हसलास खरा, पण टेबलावरचा दिवा मालवून उठलास तो रात्रभर तिथे फिरकला नाहीस. परतीच्या एसटीत ते मला खुपत राहिलं. फोनवर असलं काही बोलायला गेले की माझं भलतंच निघतं, म्हणून लिहिते.

सकाळी तू आंघोळीला गेलास तेव्हा चष्मा लावून तुझी ती इवली माणसं पाहिली. बाटलीच्या बुचावर चिकटवलेला तो भालेवाला उचललासुद्धा. बुचाला धरलं, रंगाला बोट लावलं नाही, घाबरू नकोस. चिलखताच्या खाचांत काळपट रंग बसलेला, कडांना केसाएवढी उजळ रेघ. एकदम पेणचा कारखाना डोळ्यांसमोर आला. बाप्पाच्या मुकुटाच्या नक्षीत आम्ही असाच पातळ तपकिरी रंग सोडायचो, आणि तो वाळला की जवळजवळ कोरड्या ब्रशने वरून सोनेरी फिरवायचो. तू त्याला वॉश आणि ड्रायब्रश म्हणतोस. आबा नुसतं "खालचं खाली राहू दे, वरचं वर" म्हणायचे.

लंडनच्या विल्यम ब्रिटनने १८९३ साली शिशाचे पोकळ शिपाई काढले, वितळलेलं शिसं साच्यात ओतून लगेच आतलं परत ओतून घ्यायचे, हे तू जेवताना सांगत होतास आणि मी भात वाढत होते. ऐकत होते रे. आबांची मूर्तीही आतून पोकळच. साच्यात माती थापायची ती कडेकडेने, मध्ये भरायची नाही.

डेटॉलचं मात्र हसू आवरत नाही. न्हाणीघरात दवाखान्यासारखा वास का, म्हणून पाहिलं तर बिघडलेला रंग सुटावा म्हणून डब्यात डेटॉलमध्ये सात शिपाई बुडालेले! पेणच्या घराण्यातला नातू आणि भर आषाढात गॅलरीत प्रायमरचा स्प्रे मारतो? हवेत ओल असली की रंगाखालचा तो पहिला पांढरा हात रवाळ होणारच. आमच्याकडे पावसात मूर्तींजवळ रात्रभर शेगडी असायची. पहिल्या दोघांना तू थेट नळाखाली धरलंस आणि सगळा चिकट राडा झाला. पुढच्या पाचांना डेटॉलमध्येच जुन्या टूथब्रशने घासून घेतलंस, मग पाणी दाखवलंस. हे बरं केलंस. पण हातमोजे घाल, बोटांची सालं निघालीत तुझ्या.

आणि ब्रशला टोक काढायला तो तोंडात घालू नकोस. आबाही घालायचे, म्हणून ते बरोबर होत नाही. काही रंगांत कॅडमियम असतं, ते पोटात जायची वस्तू नव्हे. नखावर फिरवून टोक काढतोस ना, तेवढं पुरे.

आता मुद्द्याचं. तुझी माणसं २८ मिलिमीटरची, आणि ते माप तळपायापासून डोळ्यांपर्यंत घेतात, डोक्यावरचा टोप त्यात धरत नाहीत, असं तू म्हणालास. माप डोळ्यांशी थांबतं हे मला फार आवडलं. पण तू डोळे सगळ्यांत आधी करतोस हे पाहून मी चमकले. पांढरा ठिपका, त्यात काळा, आणि मग भोवतीने कातडीचा रंग आत आणत आणत डोळा बारीक करायचा. पटलं मला. एवढ्याशा खोबणीत शेवटी ब्रश घातला तर सगळा चेहरा बिघडेल. आमच्याकडे उलट. सगळी मूर्ती झाली, पितांबर झालं, उंदीरसुद्धा झाला, की सगळ्यांत शेवटी डोळ्यांची आखणी. आबा करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवायचे आणि श्वास धरून भुवईची रेघ एका दमात ओढायचे. कारखान्यातला रेडिओ तेवढा वेळ बंद. समोर पाटावर बसणाऱ्याच्या नजरेला नजर मिळाली पाहिजे, नाहीतर रंग पुसून पुन्हा.

मी अकरा वर्षं त्या कारखान्यात रंगकाम केलं. पितांबर, शेला, काठ, उंदीर, सगळं. आखणीचा ब्रश माझ्या हाती कधी आला नाही. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान तुझ्या मामाच्या हाती आला, आणि त्याचा हात तर चहाचा कप धरतानाही हलायचा. तू सात वर्षांचा असताना दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यांचे डोळे बाजारातून तिरळे आले होते. ते तू काडेपेटीच्या काडीने नीट केलेस. मी शेजारी बसून चकलीचं पीठ मळत होते. तेव्हाही काही बोलले नाही.

दसऱ्याला येशील तेव्हा प्रायमर दिलेला एक माणूस घेऊन ये, कुठलाही. डोळे मी करणार. तुमच्या पद्धतीने आधी, तर आधी.

येताना ते दिव्याचं भिंगही आण. माझ्या चष्म्याचं आता काही खरं नाही.

तुझी,
आई