बंदूक वारसाने मिळते, परवाना नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसऱ्याला आपल्या सोलापूर जिल्ह्यात बऱ्याच घरांत कपाटातली दुनळी बंदूक बाहेर निघते. फडक्याने पुसून, नळ्यांना तेल देऊन तिला गंध-फूल वाहिले जाते. पण पूजेला बसलेल्यांपैकी एकाच्याही नावावर ती नसते आणि ज्यांच्या नावावर असते त्यांच्या फोटोला हार घातलेला असतो, अशी घरे थोडीथोडकी नाहीत. त्यात ती सांभाळायला तयार असलेला वारस विजयपूर, कलबुर्गी किंवा हैदराबादला राहणारा निघाला, की घरचे लोक सर्वांत सोपा आणि सर्वांत चुकीचा मार्ग धरतात. बंदूक चादरीत गुंडाळून गाडीच्या डिकीत टाकतात आणि भीमेवरचा टाकळीचा पूल ओलांडून कर्नाटकातल्या धूळखेडला पोचतात. सोबत वडिलांचा परवाना असतो, म्हणजे सगळे कायदेशीर आहे अशी समजूत.

तो परवाना वडिलांबरोबरच संपलेला असतो. बंदूक ही मालमत्ता आहे, ती वारसाकडे जाते. परवाना ही एका माणसाला दिलेली परवानगी आहे, ती कोणाकडेच जात नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक जवळ ठेवणे हाच गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी २ वर्षे, जास्तीत जास्त ५ वर्षे कैद आणि शिवाय दंड आहे. ‘आमच्या आजोबांची आहे’ हे उत्तर तिथे चालत नाही.

म्हणून परवानाधारक वारला की पहिले काम वारस ठरवण्याचे नाही, बंदूक जमा करण्याचे. कलम २१ प्रमाणे ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे विनाकारण उशीर न करता जमा करावी लागते. दिवस-कार्य आटोपले की लगेच जावे. जमा केल्याने मालकी जात नाही. वारसाला परवाना मिळाला की ती परत मिळते, किंवा वारस ती परवाना असलेल्या दुसऱ्याला विकू शकतात. मात्र यालाही मुदत असते आणि ती उलटून गेली तर जिल्हादंडाधिकारी नोटीस देऊन शस्त्र सरकारजमा करू शकतात. काम लांबणार असे दिसले, तर मुदत संपायच्या आधी लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले ठाणे अंमलदार बदलला की संपते.

जमा पावती मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावी. ‘एक बारा बोअर बंदूक’ एवढेच लिहिलेली पावती पुढे कामाची नाही. बनावटीचे नाव, एकनळी की दुनळी, बोअर (नळीच्या आतल्या पोकळीचे माप) आणि क्रमांक हे सगळे तिच्यावर हवे. जुन्या दुनळीचा क्रमांक बहुधा घोड्याच्या कडीच्या मागच्या पट्टीवर असतो, आणि पुढची लाकडी मूठ काढून नळ्या सुट्या केल्या की नळ्यांच्या बुडाच्या सपाट भागावरही सापडतो. दोन्ही जुळतात का ते पाहा. परवान्यावर जुन्या काळी क्रमांक हाताने, देवनागरीत लिहिलेले असत. ते उतरवताना मराठी १ चा इंग्रजी नऊ होतो, ५ चा चार होतो, ४ चा आठ होतो. एका आकड्याची ही चूक पुढे दुसऱ्या राज्यातल्या परवान्यात गेली, तर कागदावरची बंदूक वेगळी आणि हातातली वेगळी, असा अर्थ निघतो. दुरुस्ती इथेच, मूळ परवाना ज्या कार्यालयाचा आहे तिथेच करून घ्यावी. क्रमांक पुसट झाला म्हणून लोहाराकडून पुन्हा ठोकून घेणारेही भेटतात. कलम ८ प्रमाणे ओळखखुणेत हात घालणे हा वेगळा गुन्हा आहे. आणि ज्या बंदुकीवर बनावटीचे नाव, क्रमांक किंवा मान्य ओळखखूण नाही, ती विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. शेताच्या राखणीसाठी ठेवलेल्या जुन्या ठासणीच्या बंदुका नेमक्या इथे अडकतात.

आता वारस. शस्त्र नियम, २०१६ मधला नियम २५ या कामासाठीच आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाला परवाना देता येतो हे त्याचे एक अंग. दुसरे अंग जास्त उपयोगाचे: परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली किंवा ते शस्त्र २५ वर्षे बाळगले, यांतले जे आधी होईल तेव्हा तो हयातीतच आपल्या पसंतीचा वारस सुचवू शकतो. नव्या अर्जदाराला शस्त्राची गरज पटवून द्यावी लागते. वारसाच्या बाबतीत त्या अटीला बाजूला ठेवून, तो पात्र आहे आणि पोलीस अहवालात प्रतिकूल शेरा नाही एवढ्यावर परवाना देण्याची मुभा हा नियम देतो. मुभा म्हटले, हक्क नव्हे. पण ज्यांचे वडील पंच्याहत्तरीचे आहेत आणि चालते-फिरते आहेत, त्यांनी हे काम मृत्यूनंतरवर का ढकलावे हे कळत नाही. वडील समोर असताना त्यांच्या सहीचे एक प्रतिज्ञापत्र पुरते. त्यांच्यामागे सगळ्या भावंडांच्या सह्या गोळा कराव्या लागतात, आणि बंदुकीवर नसलेला वाद जमिनीवरून तिथे येऊन बसतो.

इतर वारसांचे ना हरकत प्रतिज्ञापत्र हा या फाइलीतला सर्वांत जास्त अडणारा कागद. लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्या सह्या राहतात. दुसरी गफलत वारस दाखल्याची. तलाठ्याकडची वारसनोंद सातबाऱ्यासाठी असते. वारस प्रमाणपत्र दिवाणी न्यायालयातून, मुंबई विनियम ८, १८२७ खाली मिळते. कोणता कागद चालेल हे ज्या कार्यालयात अर्ज करायचा तिथे आधी विचारावे.

मामाची बंदूक भाच्याला द्यायची असली तर गणित बदलते. जवळचे वारस हयात असताना भाचा, पुतण्या किंवा मेहुणा वारस म्हणून अर्ज करू शकत नाही. त्याने आपल्या जिल्ह्यात नेहमीच्या मार्गाने, गरज दाखवून परवाना मिळवायचा आणि मग मामाने त्याला बंदूक हस्तांतरित करायची. त्यासाठी कलम ५ चे पोटकलम २ आहे. स्वतःच्या वापराचे शस्त्र देणाऱ्याला विक्रेत्याचा परवाना लागत नाही, पण घेणाऱ्याचे नाव-पत्ता लिहून जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवावे लागते, आणि कळवल्यापासून किमान ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. हे ४५ दिवस आवक शिक्क्यापासून मोजावेत, अर्जावरच्या तारखेपासून नव्हे.

अर्ज कोठे करायचा, यावर सोलापूरकरांचा हमखास गोंधळ होतो. वारस जिथे राहतो तिथला परवाना प्राधिकारी त्याला परवाना देतो, सोलापूरचा नव्हे. सोलापूरकडून लागते ते मूळ परवान्याची खातरजमा आणि ना हरकत. सोलापूर शहरात हा अधिकार पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. जुना परवाना कलेक्टर कचेरीचा आणि घर आज आयुक्तालयाच्या हद्दीत, असे असले तर फाइल कोणाकडे आहे ते आधी शोधा. पलीकडे विजयपूरला गेल्यावर ‘डीसी ऑफिस’ विचारायचे. आपल्याकडे डीसीपी म्हणजे पोलीस उपायुक्त, म्हणून लोक तिथेही पोलिसांच्या दारात जाऊन उभे राहतात. कर्नाटकात डेप्युटी कमिशनर म्हणजेच जिल्हाधिकारी. तसेच २०१४ आधीच्या कागदांवर विजापूर आणि गुलबर्गा असते, नव्यांवर विजयपूर आणि कलबुर्गी. पत्ता एकच आहे हे अर्जात एका ओळीत लिहून टाकले की शंका उरत नाही. मराठी कागदांचे इंग्रजी किंवा कन्नड भाषांतर नोटरी करून जोडावे. मुलगी वारस असेल तर माहेरचे आणि सासरचे नाव जोडणारा विवाह नोंदणी दाखला फाइलीत सर्वांत वर लावावा.

वारसाचा अर्ज नमुना ए-१ मध्ये असतो, सोबत एस-३ नमुन्यातला शारीरिक आणि मानसिक आरोग्याचा दाखला. वय २१ पूर्ण हवे. चॅप्टर केसमध्ये (पोलिसांच्या प्रतिबंधक कारवाईत) शांतता राखण्याचा बाँड दिलेला असेल तर त्याची मुदत संपेपर्यंत अर्ज करून उपयोग नाही. २०१९ पासून एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात आणि ही मर्यादा वारसाहक्काच्या शस्त्रालाही लागू आहे. ज्याच्याकडे आधीच दोन आहेत, त्याने एक सोडल्याशिवाय वडिलांची घेता येणार नाही. एकच असेल तर नवा परवाना लागत नाही, असलेल्या परवान्यावर दुसऱ्या शस्त्राची नोंद मागावी. प्रतिबंधित बोअरचे, म्हणजे सामान्य नागरिकांना सहसा न मिळणारे, शस्त्र असेल तर जिल्ह्यात हेलपाटे घालू नयेत, तो विषय केंद्रीय गृह मंत्रालयाचा. शिवाय मूळ परवाना राष्ट्रीय शस्त्र परवाना डेटाबेसमध्ये चढला आहे का, त्याला यूआयएन, म्हणजे त्या डेटाबेसमधला स्वतंत्र ओळख क्रमांक, आहे का, हे पहिल्याच खेपेला पाहावे. नसेल तर पलीकडच्या कार्यालयाला संगणकावर ती बंदूकच दिसत नाही. परवाना नाकारला तर कारणे लेखी मागावीत. कलम १८ खाली अपील आहे, पण कारणांच्या प्रतीशिवाय अपिलात लिहायचे काय?

परवाना हातात आला की बंदूक न्यायची, पण त्याआधी परवान्यावरची हद्द वाचायची. जिल्हा, राज्य किंवा संपूर्ण भारत असे तिथे लिहिलेले असते. फक्त विजयपूर जिल्हा लिहिलेला परवाना सोलापुरात उपयोगाचा नाही. मग एक तर शस्त्र नेण्याची लेखी परवानगी घ्या, नाही तर इथल्या शस्त्रविक्रेत्याकडून तिथल्या शस्त्रविक्रेत्याकडे पाठवा. दुसरा मार्ग थोडा खर्चाचा आहे, पण निर्धास्त आहे. स्वतः नेताना नळ्या सुट्या करून केसमध्ये, आपल्या नव्या परवान्याची मूळ प्रत, ना हरकत आणि जमा पावती सोबत. कुरिअर किंवा एसटीचे पार्सल हा विचारही नको. वडिलांच्या पेटीतली जुनी काडतुसे घेऊन जाऊ नका. पुठ्ठ्याची काडतुसे दमटपणाने फुगतात आणि नळीत अडकतात. ती बंदुकीसोबतच मोजून, पावतीवर आकडा लिहून जमा करावीत.

परवाना शाखांना एकच विनंती. ही सगळी माहिती एका पानावर, मराठीत आणि कन्नडमध्ये, खिडकीशेजारी लावावी. सीमेवरच्या तालुक्यांतले अर्धे नातेसंबंध पलीकडचे आहेत.

शेवटचा कागद बहुतेक जण विसरतात. तिकडे परवान्यावर बंदुकीची नोंद झाली की त्या पानाची साक्षांकित प्रत सोलापूरच्या प्राधिकाऱ्याला आणि मूळ पोलीस ठाण्याला देऊन इथल्या नोंदवहीतली नोंद कमी करून घ्यावी. नाही तर पुढच्या निवडणुकीच्या आचारसंहितेत हवालदार जुनी यादी घेऊन दारात येतो, बंदूक जमा करा म्हणतो, आणि बंदूक तेव्हा शंभर किलोमीटर लांब असते.

आपला,
एक वाचक, सोलापूर