देव आणि नेता, म्हणजे गर्दीतली आणखी दोन माणसं?

मा. संपादक,

स.न.वि.वि. तुमच्या पेपरात पुढाऱ्यांनी हे करावं, सरकारने ते करावं अशी पत्रं रोज येतात, मीही अशी दोनतीन पाठवलीयेत आणि ती चुकीची होती असं मला अजूनही वाटत नाही. पण आज स्वतःबद्दल लिहायचंय.

मागे एकदा ऑफिसच्या जिन्यात एक माणूस माझ्या डोळ्यांसमोर कोसळला. आम्ही दहाबारा जण गोळा झालो, कोण म्हणे पाणी आणा, कोण म्हणे सिक्युरिटीला बोलवा, साहेबांना कळवा, आणि मी हात जोडून देवाचं नाव घेत उभा, अगदी मनापासून घेत होतो हो, पण फोन माझ्या खिशातच होता! शेवटी साफसफाईच्या मावशींनी बादली बाजूला सारली, माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "तुम्ही, अँब्युलन्सला फोन लावा," आणि खाली बसून त्याची छाती दाबायला लागल्या. त्या बसल्या तसे लगेच आणखी दोघं पुढे झाले. माणूस वाचला. हृदय बंद पडल्यावर काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचायची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी कमी होते, हे नंतर वाचलं तेव्हा अंगावर काटा आला.

मग याबद्दल वाचतच गेलो. डार्ली आणि लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1968 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला, हेडफोनवर कुणालातरी फिट येतेय असं ऐकू यायचं. आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटलं त्यातले 85 टक्के फिट संपायच्या आत मदतीसाठी उठले, आणखी चौघं ऐकतायत असं वाटणाऱ्यातले फक्त 31 टक्के. जे बसून राहिले ते निर्दयी नव्हते, त्यांचे हात थरथरत होते, घाम फुटला होता. जबाबदारी पाच जणांत वाटली गेली आणि कुणाच्याच पदरात पडली नाही, असं मला त्यातून समजलं.

मला वाटतं देव आणि नेता आपण असेच वापरतो, खोलीत कुणी नसलं तरी हे दोघं असतातच, म्हणजे आपण कधी एकटे नाहीच आणि म्हणून उठायची गरजही नाही. श्रद्धा सोडा असं मी म्हणत नाहीये, मी आजही प्रार्थना करतो. आणि दवाखाने, रस्ते, कायदे ही कामं एकट्यादुकट्याची नाहीत, तिथे नेत्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण हाताच्या अंतरावर जे घडतंय ते माझंच आहे ना, ते वर कुणाकडे ढकलायचं?

आता मी सीपीआर, म्हणजे मावशींनी केलं तसं छाती दाबणं, शिकलोय. मिनिटाला 100 ते 120 वेळा, मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटीमीटर खाली जाईल इतकं दाबायचं, पुतळ्यावर दोन मिनिटं केलं तरी खांदे भरून येतात, मावशींनी तर अँब्युलन्स येईपर्यंत थोडं थोडं सगळ्यांकडून करून घेतलं. तुमच्या पेपरात एका कोपऱ्यात याची चित्रं छापाल का, कापून जिन्यात लावता येतील एवढी? आमच्या जिन्यात मी लावतो.

आपला,
एक नियमित वाचक