विकत घेतलेला खेळ वीस वर्षांनी चालेल का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चाळिशी-पन्नाशीतली माणसे अजूनही ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ किंवा ‘एज ऑफ एम्पायर्स’ खेळताना दिसली की घरचे लोक त्याला पोरखेळ म्हणतात आणि खेळणाराही ओशाळून संगणक बंद करतो. आवडती कादंबरी तिसऱ्यांदा वाचायला घेणाऱ्याला मात्र कोणी हटकत नाही. माझ्या मते प्रश्न खेळणाऱ्याच्या वयाचा नाहीच. हे जुने खेळ आजही खेळता येतात ते कशामुळे, आणि आज पैसे मोजून घेतलेले खेळ तितकी वर्षे टिकतील का, याचा विचार व्हायला हवा.

नव्वदच्या दशकात ठाण्यात डॉस (विंडोजआधीची आज्ञा टाइप करून चालणारी संगणकप्रणाली) आणि लोटस (हिशेबाचा प्रोग्राम) शिकवणाऱ्या क्लासांत ज्यांनी संगणकाला पहिल्यांदा हात लावला, त्यांच्यापैकी अनेकांना ‘प्रिन्स मेगाहिट’ ही ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ चोरवाटांसह सुरू करणारी आज्ञा अभ्यासक्रमातल्या आज्ञांच्या आधी पाठ झाली असेल. जॉर्डन मेकनर यांनी १९८९ साली हा खेळ तयार करताना आपल्या भावाच्या धावण्याचे व उड्यांचे चित्रीकरण केले आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली चौकटी-चौकटीने रेखाटल्या; म्हणूनच तो कड्याला लोंबकळतो तेव्हा त्याच्या शरीराचे वजन आजही जाणवते. आरशातून उडी मारताना राजपुत्रापासून सुटलेली त्याची सावली शेवटाकडे तलवार उपसून समोर येते. तिला मारावे तर आपणच मरतो. तलवार म्यान केली तरच ती आपल्यात मिसळते. मेगाहिटच्या जोरावर शिफ्ट आणि एल दाबून लेव्हल ओलांडत पळणाऱ्या मुलांना हे कुठले दिसायला? ते निवांतपणे खेळतानाच उमगते, आणि ती निवांतता बहुधा चाळिशीनंतरच मिळते (मुले मोबाइलमध्ये गुंतलेली असली तर).

असे खेळ टिकले, कारण ते फ्लॉपीवर किंवा सीडीवर संपूर्णपणे आपल्या हातात आले होते. डॉसच्या काळातले खेळ आजच्या ६४ बिट विंडोजवर थेट चालत नाहीत, परंतु २००२ पासून उपलब्ध असलेला ‘डॉसबॉक्स’ हा मोफत प्रोग्राम जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करतो आणि पूर्वीचा संथ वेगही राखतो. ‘डूम’ या खेळाच्या निर्मात्यांनी तर १९९७ साली त्याचा सोर्स कोडच, म्हणजे प्रोग्रामची मूळ लिखित संहिताच, खुली केली. ‘एज ऑफ एम्पायर्स टू’ हा १९९९ चा खेळ २०१९ मध्ये नव्या रूपात आला आणि २०२२ मध्ये त्यात भारतीय राजवटींची भर पडली. उलट सेफडिस्क नावाचे चोरीप्रतिबंधक कुलूप असलेल्या मूळ सीडी विंडोज १० पासून चालेनाशा झाल्या, कारण मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणास्तव त्या कुलपाचा आधार काढून घेतला. ज्याने प्रामाणिकपणे पैसे भरले त्याचीच सीडी निरुपयोगी ठरावी आणि कुलूप तोडलेली चोरटी प्रत मात्र चालू राहावी, याला काय म्हणावे?

आजची स्थिती याहून बिकट आहे. ‘द क्रू’ हा २०१४ चा मोटारशर्यतीचा खेळ एकट्यानेही खेळता येत असे, तरी त्याला सतत कंपनीच्या सर्व्हरची जोड लागे. युबीसॉफ्ट या त्याच्या कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी ते सर्व्हर बंद केले आणि विकत घेतलेल्यांच्या हातीही काही उरले नाही. त्यातून उभ्या राहिलेल्या, विकलेले खेळ खेळण्याजोगे ठेवावेत अशी मागणी करणाऱ्या युरोपीय नागरिकांच्या याचिकेने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून, विक्रेता पुढे काढून घेऊ शकेल अशी डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला केवळ परवाना मिळत आहे हे स्पष्ट सांगणे बंधनकारक झाले आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रामची गणना साहित्यकृतींत होते आणि वैध प्रत बाळगणाऱ्याला बॅकअप घेण्याची मुभाही आहे. पण सर्व्हरवरच असलेल्या खेळाचा बॅकअप घेणार कसा? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने निदान एवढे तरी करावे, की खेळ विकताना तो किती काळ चालण्याची हमी आहे आणि सर्व्हर बंद झाल्यावर त्याचे काय होईल, हे पैसे भरण्याच्या पानावरच ठळकपणे छापणे सक्तीचे करावे.

तोवर आपल्या हातात असलेले तरी सांभाळावे. मेकनर यांच्या मूळ सोर्स कोडच्या फ्लॉपी त्यांच्या वडिलांना २०१२ साली घरात सापडल्या आणि दोन दशकांनंतरही वाचता आल्या, पण ठाण्याच्या पावसाळी दमटपणात तेवढी खात्री धरता येत नाही. माळ्यावर ठेवलेल्या फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवून पाहिली आणि आतल्या चकतीवर पांढरट बुरशीचे ठिपके दिसले, तर ती तशीच ड्राइव्हमध्ये घालू नये. ड्राइव्हचे हेड (फ्लॉपी वाचणारा भाग) खराब होते आणि मागाहून घातलेल्या चांगल्या फ्लॉपीही बिघडतात. ज्या स्वच्छ असतील त्यांच्या प्रती यूएसबीने जोडता येणाऱ्या फ्लॉपी ड्राइव्हवरून आताच करून घ्याव्यात.

आपला,
एक वाचक, नौपाडा, ठाणे